जाऊबाईंनी मशीन निवडलं त्याची गोष्ट

जुनं मशीन बंद पडलं तेव्हा जाऊबाई त्याचा दांडा धरूनच उभ्या होत्या. विम्याच्या ऑफिसचा दुसरा मजला, शनिवारची दुपार, अर्धं कार्पेट ओलं आणि अर्धं कोरडं. जळक्या रबराचा वास आला, आतून घरघर निघाली आणि खालची तबकडी थांबली. जाऊबाईंनी बटण दोनदा दाबलं, वायर हलवून पाहिली, आणि आजारी माणसाचा ताप बघावा तसा मशीनच्या पाठीवर हात ठेवला.

"गेलं," त्या म्हणाल्या.

उरलेलं अर्धं कार्पेट आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून हाताच्या ब्रशने घासलं. मी उजव्या हाताने, त्या डाव्या हाताने. जाऊबाई काही डावखुऱ्या नाहीत. मी ते पाहिलं आणि घासत राहिले.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. ऑफिसांची, हॉटेलांची, नाट्यगृहांची कार्पेटं धुण्याचं काम त्या बावीस वर्षं करतायत, आणि त्यातली अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर आहे. सुरुवातीला त्या एका कंत्राटदाराकडे फरशी पुसायच्या. तिथला मशीनवाला एक दिवस काम सोडून गेला आणि कुणी पुढे होईना, तेव्हा यांनी दांडा हातात घेतला. मशीनने त्यांना फरफटत नेऊन कपाटावर आदळलं. हे गोल तबकडीचं मशीन आडदांड असतं. दांडा केसभर उचलला की ते उजवीकडे पळतं, केसभर दाबला की डावीकडे, आणि जोर लावला की माणसाला घेऊन जातं. आठ दिवसांत त्यांनी ते असं काबूत आणलं की कंत्राटदार बघायला माणसं आणायचा. मला शिकवताना म्हणाल्या होत्या, "त्याच्याशी भांडायचं नाही. आपल्या मर्जीने चाललोय असं त्याला वाटलं पाहिजे. नवऱ्यासारखं."

मला ते कधी धड जमलं नाही. मशीनही नाही आणि नवराही नाही.

दुरुस्तीवाल्याने मशीन उघडून पाहिलं आणि सांगितलं की मोटर जळली आहे आणि या मोटरचे भाग आता कुणी बनवत नाही. नवीन घेणं आलं. आणि इथून पुढचे पाच आठवडे आमच्या घरात जे चाललं, ते आठवलं तरी माझं डोकं उठतं.

आधी मोठे भाऊजी. जाऊबाईंचे यजमान शिंपी आहेत. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसल्यामुळे जगातलं कुठलंही मशीन आपल्याला कळतं असा त्यांचा समज आहे. "मशीन म्हणजे काय, मोटर," ते जेवताना सांगायचे. "मोटर मोठी घ्यायची, बाकी सगळी शोभा."

पहिल्या दुकानात ते बरोबर आले हीच चूक झाली. टाय लावलेला विक्रेता बोलायला लागला तो त्यांच्याशीच. जाऊबाई मध्ये उभ्या, तरी तो त्यांच्या डोक्यावरून "सर, सर" करत राहिला. त्याने एक भलं मोठं मशीन चकचकीत फरशीवर फिरवलं आणि म्हणाला, "सर, बघा, आरसा."

"मला कार्पेट धुवायचंय," जाऊबाई म्हणाल्या. "तोंड बघायचं नाही."

"कार्पेटवरही चालतं, सर."

"मिनिटाला फेरे किती?"

"पंधराशे," तो अभिमानाने भाऊजींना म्हणाला.

"इतक्या वेगाने कार्पेटचे धागे वितळतील."

"त्याला तबकडीखाली लावायचं वेगळं पॅड मिळतं."

"पॅड बदललं म्हणजे फेरे कमी होतात का?"

विक्रेत्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दुकानात आम्ही दोघीच गेलो. जाऊबाईंच्या काखेत कार्पेटचा दीड हात तुकडा होता. आठवडाभर तो त्यांनी आमच्या दारात टाकला होता. त्यावर चहा ओतला, सायकलच्या साखळीचं तेल चोळलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बूट पुसायला लावले. दुकानात त्यांनी तो उलगडल्यावर विक्रेता दोन पावलं मागे सरला.

"हे फार घाण आहे हो, मॅडम."

"म्हणूनच आणलंय. स्वच्छ कार्पेट मला कुणी धुवायला देत नाही."

बऱ्याच घासाघिशीनंतर त्याने तुकडा खाली ठेवू दिला आणि गोल तबकडीचं नवं मशीन सुरू केलं. सुरू केलं म्हणजे काय, मशीन त्याला घेऊन साबणाच्या डब्यांच्या मांडणीत शिरलं. जाऊबाईंनी पुढे होऊन दांडा घेतला. क्षणात ते जनावर माणसाळलं. डावीकडे, उजवीकडे, एका रेषेत, पाय जागचे न हलवता. दुकानातली माणसं काम सोडून बघत राहिली. मी मात्र त्यांचं तोंड बघत होते. ओठावर घाम आला होता आणि जबडा आवळलेला होता. दोन मिनिटांत त्यांनी मशीन बंद केलं.

"मॅडम, हे तुमच्यासाठीच बनलंय," विक्रेता म्हणाला.

"बघते," त्या म्हणाल्या. येताना बसमध्ये त्यांनी दांडी डाव्या हाताने धरली होती.

घ्यायचं होतं तर तेच घ्यायचं ना. पण नाही. तिसरं दुकान, चौथं दुकान, असं करत सात झाली. हे मशीन जड, जिन्याने वर नेता येणार नाही. त्याची वायर आखूड. त्याच्या टाकीचं झाकण नीट बसत नाही. पाणी मारून परत ओढून घेणारं मशीन पाहिलं, तर ते कार्पेट फार ओलं ठेवतं. एक चौकोनी बुडाचं मशीन होतं, ते गोल फिरत नाही, जागच्या जागी बारीक थरथरत पुढे सरकतं. त्याला जाऊबाईंनी हातसुद्धा लावला नाही. "हे काय मशीन आहे," म्हणाल्या. "याला धरायचं कशाला?"

तोवर आम्ही भाड्याच्या मशीनवर दिवस काढत होतो, आणि त्याचं पॅड दर तासाला निसटायचं. विम्याच्या ऑफिसच्या मॅनेजरचा फोन आला की दुसरी एक कंपनी येऊन कार्पेट बघून गेली आहे. त्या दिवशी माझा संयम संपला.

"जाऊबाई, तुम्ही मशीन निवडताय की सून?"

"सून नंतर सुधारता येते," त्या म्हणाल्या. "मशीन आहे तसंच राहतं."

"खांदा किती दिवस दुखतोय?"

त्या नाट्यगृहाच्या जिन्यावर पॅड धूत होत्या. हात थांबला. "कुणाचा?"

"माझा तर नाही."

बराच वेळ त्या पॅड पिळत राहिल्या. पॅडमधलं पाणी कधीच संपलं होतं. "दोन वर्षं झाली," अखेर त्या म्हणाल्या. "यांना सांगू नकोस. काम बंद कर म्हणतील."

"मग हलकं मशीन घ्या. ते थरथरणारं घ्या."

"ते कुणीही चालवेल," जाऊबाई चिडून म्हणाल्या. "उद्या रस्त्यावरचा माणूस येऊन चालवेल. मला एक गोष्ट येते, ती हे गोल मशीन. तेच सोडलं तर माझं काम काय राहिलं? बादली उचलायचं?"

मला पाच आठवड्यांचा उलगडा तेव्हा झाला. वायर आखूड नव्हती आणि झाकणही नीट बसत होतं. गोल मशीन त्यांच्याने पेलवत नव्हतं आणि दुसरं कुठलं त्यांना पटत नव्हतं. माझा राग काही कमी झाला नाही, पण कुणावर काढावा ते कळेना.

तोड काढली ती नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने. वरच्या बाल्कनीचं कार्पेट महिनाभरात उखडून टाकायचंच होतं. तो म्हणाला, "तिथे काय ते प्रयोग करा आणि एकदाचं ठरवा. रोज जिन्यावर तुमची भांडणं ऐकतोय."

जाऊबाईंनी दोन दुकानांना रविवारी सकाळी मशिनं घेऊन बोलावलं. बाल्कनीत खडूने तीन पट्टे आखले. तिन्हींवर वर्षानुवर्षांची सांडलेली सरबतं आणि बुटांचा काळपटपणा सारखाच होता. गोल मशीनचा पट्टा त्यांनी स्वतःकडे घेतला. पाणी ओढणारं मशीन मला दिलं. थरथरणारं मशीन त्यांनी भाऊजींच्या हातात दिलं.

"मी?" भाऊजी म्हणाले. "मी आयुष्यात असलं काही धरलेलं नाही."

"म्हणूनच."

भाऊजींनी ते सुईत दोरा ओवावा तसं जपून धरलं. दोन पावलं गेल्यावर त्यांनी एक हात सोडला. मशीन सरळ चालत राहिलं. पट्टा संपेपर्यंत त्यांची छाती चार बोटं फुगली होती.

सगळ्यांत उजळ दिसला माझा पट्टा. त्या दुकानाचा विक्रेता लगेच पावतीपुस्तक काढायला लागला.

"उद्या दुपारी या," जाऊबाई म्हणाल्या.

"उद्या कशाला? समोर दिसतंय की."

"आज ओलं आहे. ओलं कार्पेट गोड बोलतं."

सोमवारी दुपारी आम्ही सगळे पुन्हा बाल्कनीत जमलो. माझ्या उजळ पट्ट्यावर खालून तपकिरी डाग वर आले होते आणि हात लावला तर अजून दमट लागत होतं. विक्रेता म्हणाला की या बाईंनी पाणी जास्त मारलं.

"मारलं, खरं आहे," जाऊबाई म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी कबूल करून टाकलं. "पण रोज हीच असणार आहे. नाहीतर मी दमलेली असणार. आम्हाला आमच्या हातात चालेल ते पाहिजे, तुमच्या हातात चालेल ते नको."

भाऊजींचा पट्टा कोरडा होता, एकसारखा, इकडून तिकडे काही फरक नाही. मग जाऊबाई स्वतःच्या पट्ट्याशी गेल्या. पहिले दोन भाग सुंदर होते. शेवटच्या भागात मात्र गोल वळसे उमटले होते, एकावर एक चढलेले, कुठे दाबलेले, कुठे सुटलेले. तिथे हात ढिला पडला होता. आम्हाला कुणाला ते सांगावं लागलं नसतं, पण त्यांनी गुडघ्यावर बसून तळहात फिरवून पाहिला. पुन्हा एकदा पाहिला.

"माझा खांदा गेलाय," त्या खाली बघूनच भाऊजींना म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

भाऊजी म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझ्या कामाच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीचा मुंढा दोनदा सैल करून दिला मी. घट्ट होतोय, घट्ट होतोय म्हणालीस. अंगाने तर तू वाळलीयेस. मग घट्ट कुठून होईल? हात वर जात नव्हता तुझा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. वाटलं, रडतील. पण त्या संतापल्या होत्या. "म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक, आणि मी वेड्यासारखी डाव्या हाताने पोळपाटसुद्धा धुते. दोन वर्षं. धन्य आहे तुमची." मग त्या दोन्ही विक्रेत्यांकडे वळल्या. ते बिचारे पाहुण्यांच्या भांडणात सापडल्यासारखे भिंतीला चिकटले होते. "ते थरथरणारं द्या. आणि वायर लांब करून द्या."

मशीन आलं. पहिले पंधरा दिवस त्या तोंड वाकडं करूनच चालवत होत्या. "ह्यात काही मजा नाही," दर मजल्यावर म्हणायच्या. डॉक्टरने दिलेले खांद्याचे व्यायाम त्या भिंतीकडे तोंड करून करतात आणि करताना डॉक्टरला शिव्या देतात. हात आता कानापर्यंत जातो. विम्याचं ऑफिस गेलं ते गेलंच, तो मॅनेजर थांबला नाही. त्याबद्दल त्या मला अजून बोल लावतात, मी खांद्याचं लवकर का नाही विचारलं म्हणून.

पण एक झालं. मशीन कुणालाही चालवता येतं म्हटल्यावर आम्ही दोन बायका नव्याने कामाला घेतल्या, आणि तेव्हा मला कळलं की कुणालाही काहीही येत नाही. डाग कशाचा आहे, त्यावर कुठलं औषध किती फवारायचं, किती वेळ मुरू द्यायचं, कार्पेटची लव कुठल्या बाजूला झुकलीय, यातलं त्या दोघींना काही ठाऊक नव्हतं. बघता बघता मलाही ते जाऊबाईंइतकं येत नाही हे लक्षात आलं. अकरा वर्षं मी त्यांचे हातच बघत बसले होते.

गेल्या आठवड्यात एका हॉटेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये काम होतं. जाऊबाईंनी खाली वाकून कार्पेटचा वास घेतला, दोन बोटांनी लव उलटी केली, औषध फवारलं आणि भिंतीला टेकून बसल्या. नव्या बाईने मशीनचा दांडा धरला होता.

"ताई, सुरू करू?"

"थांब."

पाच मिनिटं गेली. "आता?"

"घाई असेल तर घरी जा."

दहा मिनिटं झाली. नव्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे पाहिलं. अजून तीन मजले बाकी होते आणि आमच्या जाऊबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी बादली उचलली आणि पाणी भरायला खाली गेले.