रामनाथची साठ फूट केबल

अनिष्ट पुष्कळदा स्वतःहून वर्दी देत येते. ती वर्दी ऐकूनही तिचा अर्थ लावायचे राहून जाते, एवढेच. वेसाव्याच्या रामनाथच्या बाबतीत ती वर्दी एका पडद्यावर आली होती, आणि ती चांगली चार हात रुंद होती.

रामनाथ हा त्या भागातला नावाजलेला वायरमन. कोळीवाड्यात जन्मला, चार वर्षे बापाच्या होडीवर गेला. परंतु होडीतल्या बॅटरीच्या दिव्यांत त्याचा जीव जाळ्यापेक्षा अधिक रमला आणि त्याने पक्कड हाती धरली. त्याच्या कामात व्रतस्थपणा होता. उघडा जोड त्याला उघड्या जखमेसारखा खुपे. आई अंजनाबाई मात्र डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकत असे. ज्या घरांच्या माडीवर मुलगा तारा ओढी, त्यांपैकी कित्येक घरांच्या परसात आई नळाखाली बसून मासे साफ करून देई.

विद्याधर प्रधान वकिलांचे सात बंगल्याकडचे घर हे असेच दोघांच्या राबत्याचे. तिथल्या परसात नळ होता आणि कोपऱ्यात जुनी विहीरही होती. १९८५ च्या दिवाळीपूर्वी वकिलांनी दुबईहून एक प्रोजेक्टर आणवला. लाल, हिरवी आणि निळी अशी तीन भिंगे असलेले ते अवजड यंत्र खालच्या दिवाणखान्यात बसले. व्हीसीआर मात्र माडीवर ठेवावा लागला. खालच्या खाऱ्या, दमट हवेत त्याच्या अंतर्भागात दव धरे आणि तो चालेनासा होई. माडी नव्याने चढवलेली, तिची वीजजोडणी निराळी, जमिनीत पुरलेले अर्थिंगही निराळे. खालच्या जुन्या घराचे अर्थिंग तेवढे पूर्वापार रीतीप्रमाणे पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेले होते.

माडीपासून दिवाणखान्यापर्यंत साठ फूट केबल लागणार होती. वकिलांच्या पत्नी उत्तराबाईंची अट एकच होती. "भिंतीवरून साप गेल्यासारखं दिसता कामा नये हं, रामनाथ." म्हणून त्याने बारीक केबल निवडली आणि चित्राचा जोम टिकावा यासाठी माडीवर एक बूस्टर बसवला. चित्र लख्ख उमटले. वकील इतके हर्षभरित झाले की मुलीच्या लग्नाची कॅसेट पाहायला त्यांनी पुढल्या महिन्यातल्या एका शनिवारी पन्नास आप्तेष्टांना बोलावून ठेवले.

तो शनिवार आठवड्यावर आला असता पडद्यावर एक काळा पट्टा दिसू लागला. तो तळातून उगवे, संथपणे वर चढे, माथ्याशी लुप्त होई आणि पुन्हा तळातून येई. त्यात घाई नव्हती. नवरीचा चेहरा त्याच्याखाली क्षणभर मावळे आणि परत उजळे.

"हे काय ग्रहण लागलं रे?" वकील म्हणाले.

"केबलीत ओल शिरली असेल, साहेब. बारीक आहे ना ती. जाड टाकू."

अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानात दशरथशेठने मधल्या तारेभोवती धातूची दुहेरी जाळी असलेली, अंगठ्याएवढी जाड केबल काउंटरवर आपटली. "काय रे, पिक्चर दाखवायचाय का होडी बांधायचीय?"

"शेठ, टोमणे बाजूला ठेव. साठ फूट दे, आणि मध्ये जोड नको."

बुधवारी ती केबल बसली. पट्टा गेला नाही. उलट त्याच्या कडा अधिक रेखीव झाल्या. रामनाथ अस्वस्थ झाला. हा दोष केबलचा नव्हे, हे त्याच्या ध्यानी आले. खालच्या घरात कुठेतरी वीज गळत असावी आणि केबलच्या जाळीतून माडीकडे वाट काढत असावी, असा संशय त्याला आला. त्याने पाइपावरची अर्थिंगची पकड तपासली; ती घट्ट होती. फ्रिजला, नळाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. भिंतीपलीकडे पाइप कुठे जातो, हे त्याने पाहिले नाही. त्या पाइपाने गेली तीस वर्षे कधी शंका घेऊ दिली नव्हती.

त्या रात्री जेवताना अंजनाबाई उजवा हात झटकत होती.

"काय झालं गं, आये?"

"शिंगाल्याचा काटा लागला वाटते. बोटं झिनझिनतान. परवापासना हाय."

शिंगाळा माशाचा विषारी काटा रुतला की हात बधिर होतो, हे कोळ्याच्या पोराला बोलता येण्याआधी कळते. तिसऱ्या दिवसापर्यंत ठणकाही राहतो. रामनाथने जखम पाहिली नाही. "हळद भर," तो म्हणाला आणि पुन्हा त्या पट्ट्याचा विचार करू लागला.

गुरुवारी सकाळी तो दशरथशेठकडे गेला.

"शहाणा आहेस की येडा?" शेठ म्हणाला. "खालच्या पिनेतली जाळी तोडून टाक. नुसती मधली तार ठेव. पट्टा गायब! सगळे तेच करतात."

"पण गळती?"

"ती शनिवारनंतर शोध ना. पन्नास माणसं येतायत तुझ्या वकिलाकडे. नाक कापून घ्यायचंय?"

उपाय खरोखर अचूक होता. जाळी तुटताच पडदा आरशासारखा निर्मळ झाला. उत्तराबाईंनी त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. वकील म्हणाले, "रामनाथ, तू जादूगार आहेस बुवा." त्याने मात्र त्या दिवशी पुन्हा टेस्टर लावला नाही. लावला असता तर दिवा लागला असता. सोमवारी सावकाशीने गळती शोधू, असे मनाशी ठरवून तो घरी गेला; आणि ज्या माणसाला उघडा जोड झोपू देत नसे, तो त्या रात्री निवांत झोपला.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास तो टपरीवर चहा घेत होता. बाजूला खंडू प्लंबर बसला होता.

"वकिलांकडे तू पण होतास ना रे? मी पण गेल्या आठवड्यात होतो. बाहेरचा पाइप पार सडलेला. आठ फूट कापला आणि प्लास्टिकचा टाकला. आता बापजन्मात गंजणार नाही बघ!"

रामनाथच्या हातातला पेला खाली आला. प्लास्टिक! म्हणजे खालच्या घराचे अर्थिंग आठवडाभर जमिनीला टेकलेलेच नव्हते. पाइपात शिरलेली गळती जमिनीत न जाता साठ फूट केबलच्या जाळीतून माडीवरच्या अर्थिंगमध्ये उतरत होती. तेवढ्यानेच नळातला विजेचा झटका सौम्य राहिला होता. पडद्यावरचा पट्टा हा त्या एकमेव वाटेचा पुरावा होता, आणि ती वाट त्याने कालच स्वहस्ते तोडली होती. मग त्याला आईची बोटे आठवली. तिने हातात काटा रुतलेला पाहिला, असे म्हटलेच नव्हते.

गुरुवारी प्रधानांच्या घरी मासळी येत नसे. शुक्रवारी येई.

तो धावत सुटला. फाटकातून शिरताना त्याला परसातल्या नळाची धार ऐकू आली, आणि त्या धारेत माणसाचा काहीच आवाज नव्हता. अंजनाबाई ओल्या फरशीवर कलंडली होती. उजवी मूठ नळाच्या तोटीभोवती आवळलेली होती. बोंबील पाण्याबरोबर मोरीकडे वाहत चालले होते. उत्तराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून पुढे झेपावत होत्या.

"हात लावू नका!" रामनाथ ओरडला आणि आईकडे पाठ फिरवून व्हरांड्यातल्या मीटरकडे पळाला.

"अरे, आधी तिला सोडव!" वकील माडीवरून किंचाळले. "कुठे चाललास? आई आहे ना ती तुझी?"

त्याने मेन स्विच खाली खेचला. मीटरपासून नळापर्यंतची ती वीस पावले आपल्या आयुष्यात अजून संपलेली नाहीत, असे तो पुढे सांगत असे. परतला तेव्हा मूठ सुटली होती.

अंजनाबाई वाचली. उजव्या तळहाताचे मांस मात्र जळाले होते, आणि मधली तीन बोटे पुढे कधी सरळ झाली नाहीत. तिला कोयत्याची मूठ धरता येईना. पाटी सुनेकडे, रामनाथची बायको जया हिच्याकडे गेली. वकिलांनी इस्पितळाचा खर्च उचलला आणि शनिवारचा बेत मोडला. दोष खंडूचा, असे ते सर्वांना सांगत राहिले. रामनाथने त्यांना अडवले नाही. परंतु तिसऱ्या दिवशी खाटेशेजारी बसून त्याने आईला सगळे सांगितले. पट्टा, जाळी, न लावलेला टेस्टर, काहीही गाळले नाही.

तिने पट्टीतला हात उचलून उशीवर ठेवला.

"म्हंजी कायतरी वंगाल हाय, ह्ये तुला बुधवारीच ठावं व्हतं?"

"व्हय, आये. कुठं हाय, ते नव्हतं ठावं."

"मंग मना सांगाचा ना रं," ती म्हणाली. "मी त्यांच्या विहिरीवं बसले असते."