गाणं थांबलं नाही, म्हणून शटर उघडं राहिलं

मित्रांनो, आज दुकानात काय झालं ते सांगायचंय.

महाल भागात आमचं टेलरिंगचं दुकान. रेडिओवरच्या ताईनं गाणं तोडून "चौकात राडा सुरू आहे" सांगितलं की आम्ही शटर पाडायचो. लोक तिला फोन करून कळवायचे. गेल्या महिन्यात स्टेशननं बोलणारी माणसंच काढली. आता दिवसभर मशीन गाणी लावते.

आज दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. आमचे कारागीर रामभाऊ जुन्या सवयीनं म्हणाले, "गाणं चालू आहे ना गा, काही नाही होत."

तेवढ्यात वीट आली. त्यांचं कपाळ फुटलं, मशीनवरचा पांढरा शर्ट लाल झाला. रेडिओ गातच होता. मी इस्त्री घातली त्याच्यावर, पार भुगा केला.

दवाखान्यात शुद्धीवर येताच रामभाऊंनी विचारलं, "ताईनं काहून नाही सांगतलं?"