खापरच्या रस्त्यावर लागलेला आवाज

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा अक्कलकुवा नुकतंच मागे पडलं होतं. खापरची शाळा सुटल्यावर मी माझ्या गाडीने घरी निघाले होते आणि शेजारच्या सीटवर माझ्याच शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. त्या तळोद्याला राहतात, रोज माझ्याबरोबर येतात. त्यांच्या नणंदेची गोष्ट रंगात आली होती आणि मला मात्र त्यांच्या बोलण्याच्या खालून दुसरंच काही ऐकू यायला लागलं. टक टक टक. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की जलद, पाय उचलला की संथ.

"बाई, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

"काय?"

"टकटक होतंय काहीतरी."

त्यांनी पर्स हलवून पाहिली. मग डबा. "माझ्या डब्यातला चमचा असेल हो." चमचा काढून त्यांनी हातात धरला. आम्ही दोघी त्या चमच्याकडे बघत राहिलो आणि टकटक चालूच राहिली.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "गाडी नवी आहे. कंपनी बघेल. वॉरंटी कशासाठी असते मग?"

त्यांना काय ठाऊक, मला भीती नेमकी त्याचीच होती. कंपनी बघेल, आणि बघून काय सांगेल?

हे नीट समजायला आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. माझ्या माहेरी कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आई-वडिलांनी शेतात राबून मला नंदुरबारला होस्टेलला ठेवलं, मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, नोकरीला लागले. सासर तळोद्याजवळ, तापीकाठच्या गावात. केळी, ऊस, घरचा ट्रॅक्टर. नवरा सुरतला कापडाच्या ऑफिसात, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मी इतकी वर्षं दोन एसट्या बदलून शाळेत जात होते आणि एस.टी. चुकली की काळी-पिवळी जीपमध्ये दाराशी अर्धी बाहेर लटकून. शेवटी स्वतःच्या पगारावर स्वतःच्या नावाने गाडी घेतली. चालवायला नंदुरबारला जाऊन शिकले. आमच्या गावात गाडी चालवणारी बाई त्याआधी नव्हती.

गाडी दारात आली त्या दिवशी सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, नारळ फोडून झाल्यावर चार लोकांसमोर म्हणाले, "गाडी तुन्ही, पगार तुन्हा, मी काही बोलाव नही. पन एक ध्यानमा ठेव, मास्तरीणबाई. गाडीमा खोट निंघनी ते कंपनी देखी लेई. चालाडामा खोट निंघनी ते चाबी मन्हा खिसामा."

लोक हसले. मीही हसले. आबा हसले नव्हते.

आबांचा शब्द म्हणजे शब्द. विहिरीवरच्या डिझेल इंजिनपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. गावात कुणाचंही इंजिन कुरकुरलं की त्यांना बोलावणं येतं. माझ्या चालवण्यात चूक निघाली तर ते चाबी घेणार म्हणजे घेणार आणि नवरा त्यांच्यापुढे तोंड उघडणार नाही. मग मी पुन्हा जीपच्या दाराशी.

असं असलं तरी माझ्या गाडीवर त्यांचा जीव होता. शेतातून बैल आले की आमच्याकडे आधी त्यांना पाणी दाखवतात, मग माणसं हातपाय धुतात. तसंच आबांनी गाडीचं धरलं होतं. मी फाटकातून आत येऊन इंजिन बंद केलं रे केलं की ते खाटेवरून उठायचे, "दमीन येल शे ती," असं गाडीबद्दल म्हणायचे आणि बॉनेट उघडायचे. मी आत चहा ठेवायला जायची. सासरा सुनेच्या गाडीची निगा राखतो, हे मी शाळेत मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

आवाज वाढत गेला. सकाळी गाडी सुरू करताना काहीच नसायचं. तळोदा ओलांडेपर्यंत मला वाटायचं, गेला बहुतेक. अक्कलकुव्याच्या अलीकडे तो परत यायचा, आणि आता त्यात एक जाड ठोकाही होता, आत कुणी लहान हातोडी घेऊन बसल्यासारखा. इंजिन मध्येच जाम झालं तर स्टिअरिंग जड होतं, असं मी मोबाईलवर वाचलं. ते वाचायला नको होतं. हा रस्ता गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांचा. मागे ट्रक, पुढे उसाची ट्रॉली, आणि मी मध्ये. ट्रॉली ओलांडायची हिंमत मी सोडूनच दिली. ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकायचे. शेजारच्या बाई आता नणंदेबद्दल बोलत नव्हत्या, पर्स छातीशी धरून बसायच्या. एके दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "उद्या मी एस.टी.नेच जाते हं, मला तळोद्यात थोडं काम आहे."

वर्गात मुलं पाढे म्हणायला लागली तरी मला त्यांच्या सुरात टकटक ऐकू यायची. घरी मिक्सर लावला तरी तेच.

नवऱ्याला फोन केला. "क्लचवर पाय ठेवून चालवतेस का?"

"नाही."

"गिअर उशिरा बदलतेस?"

"नाही."

"मग?"

मी फोन ठेवला. मलाच खात्री वाटेना. खरंच मीच काही चुकत असेन तर? शिकवणाऱ्याने जे शिकवलं तेच मी करत होते, पण मला काय माहीत तो बरोबर शिकवत होता की नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. ते म्हणाले आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पाठवला. उत्तर आलं, "मॅडम, फक्त हॉर्न ऐकू येतोय. गाडी घेऊन या."

नेऊ नेऊ म्हणत मी टाळलं. फाटकाशी येताना गाडी इतकी हळू आणायची की आवाज निघू नये. पण आबांच्या कानाला फसवणं माझ्याच्याने होणारं नव्हतं. एका संध्याकाळी ते खाटेवरून उठले, पण बॉनेटकडे आले नाहीत. माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"आवाज कवयपाईन करी ऱ्हायनी?"

"झाले आबा, थोडे दिवस."

"आन तू लपाडी ठेवं."

मी मान खाली घातली. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "रविवारले चाल नंदुरबारले. मी बी येस."

नवरा त्या शनिवारी आला नाही, ऑफिसात काम होतं. रविवारी आम्ही दोघंच निघालो. आबा शेजारी बसले, एक तळवा समोरच्या प्लास्टिकवर टेकवून. तापीच्या पुलावर हातोडी जोरात सुरू झाली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या पायांकडे पाहत होते. क्लच, ब्रेक, क्लच. मला वाटलं परीक्षेला बसलेय आणि पर्यवेक्षक डोक्यावर उभा आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये गणवेशातला एक तरुण पुढे आला. "गाडी कोण चालवतं?"

"मी."

"फक्त तुम्हीच?"

"फक्त मीच."

त्याने ते टॅबमध्ये टाकलं. आमच्यासमोर काचेपलीकडे गाडी वर उचलली गेली. आबांनी कागदी कपातला चहा घेतला आणि तो तसाच हातात धरून बसले. मी उभीच राहिले.

बऱ्याच वेळाने तो तरुण परत आला. हातात तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, आणि एक चिंधी.

"मॅडम, बाहेर कुठे ऑइल टाकलं का?"

"नाही."

"मग हे बघा. तेल इथपर्यंत पाहिजे. तुमचं इथपर्यंत आहे." त्याने बोट पट्टीवर पार वर नेलं. "आणि हे आमचं ऑइलच नाही. जाड आहे, ट्रॅक्टरमध्ये टाकतात तसं. तेल जास्त झालं की आत घुसळून त्याचा फेस होतो, मग वरपर्यंत दाबाने पोचत नाही. ठोका त्याचाच आहे."

"इंजिन गेलं का?"

"आत्ताच नाही सांगता येणार. हे सगळं काढून आमचं ऑइल भरतो. आवाज गेला तर ठीक. राहिला तर इंजिन उघडावं लागेल, आणि मग ते वॉरंटीत बसणं अवघड आहे. मला लिहावं लागेल, तेल कोणी टाकलं."

मी आबांकडे वळून पाहिलं नाही. बघायची गरजच नव्हती. रोज संध्याकाळी बॉनेट उघडल्याचा आवाज आणि आत चहा ठेवणारी मी, सगळं एकदम समजलं. आणि समजल्यावर मोकळं वाटायला हवं होतं, पण जास्तच भीती वाटली. या काचेच्या खोलीत, या पोरासमोर, आबांच्या नावावर खोट निघणार होती. ज्यांच्याकडे गाव इंजिन घेऊन येतं त्यांच्या. ते मला कधी माफ करतील का?

मागून आबांचा आवाज आला. "पहिली सर्व्हिस तुमनाकडेच व्हयेल शे ना? तुमना पोऱ्यासनीच टाकं व्हई."

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. बारीक झालेला.

"काका, हे तेल आमच्याकडे येतच नाही," तरुण म्हणाला. उद्धटपणे नाही, पण ठाम.

आता गोष्ट माझ्यावर आली. आबांचं बरोबर आहे, तुमच्याच कुणाचं तरी काम आहे हे, असं म्हणून भांडले असते तर कदाचित निभावलंही असतं. मी भांडायला कमी नाही. आणि "मीच टाकलं" म्हटलं असतं तर आबा वाचले असते आणि चाबी गेली असती. दोन्ही वाक्यं तोंडाशी आली. पण काचेपलीकडे ती तेल काढणारी दोन पोरं आमच्याकडे बघत होती, नाव आपल्यावर येतंय का म्हणून.

"आमच्या घरात टाकलं गेलंय," मी म्हणाले. "गाडी मी चालवते. तेल मी टाकलं नाही. एवढंच लिहा."

आबांनी चहाचा कप खुर्चीवर ठेवला. उठले. मला वाटलं बाहेर निघून जातील.

"मीच टाकं," ते तरुणाला म्हणाले. "रोज ती दमीन ये. पट्टी काढी देखू ते तेल कमीच दिसे. मंग घोटभर पाजू. मन्हा ट्रॅक्टरले बी असंच करस. तो पी जास."

"काका, गाडी बंद केल्या केल्या तेल वरच असतं, खाली उतरलेलं नसतं. म्हणून कमी दिसतं. थंड झाल्यावर बघायचं."

"हं," आबा म्हणाले. मग त्याच्या टॅबकडे बोट करून म्हणाले, "लिख. सासरानी टाकं, असं लिख."

तेल बदललं. त्यांच्या माणसाने गाडी एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, आवाज बराच कमी झालाय, थोडे दिवस चालवून लक्ष ठेवा, नवीन तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. गेलाय, असं तो म्हणाला नाही. मी दोनदा विचारलं तरी नाही.

चाबी त्या तरुणाने सवयीनेच आबांच्या हातात दिली. आबांनी घेतली. ते पुढे, मी मागे. गाडीपर्यंतचं ते आवार मला संपता संपेना. त्यांनी स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं. गाडी त्यांना चालवता येत नाही असं थोडंच आहे, ट्रॅक्टर चालवणारा माणूस. मी पदर घट्ट धरून उभी राहिले. त्यांनी चाबी सीटवर ठेवली, मागून वळसा घातला आणि डाव्या बाजूने आत येऊन बसले. पट्टा त्यांना लागेना, तो मी लावून दिला.

नंदुरबार सुटलं. रस्ता मोकळा लागला तसा मी वेग थोडा वाढवला. दोघांचेही कान पुढे. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं चाकाखालच्या खडीचा आवाज आहे. गेला असेल तर देवच पावला. राहिला असेल तर इंजिन उघडणार, आणि "सासरानी टाकं" असं लिहिलेली वॉरंटी घेऊन आम्ही कुठे जाणार?

"तुले काय वाटस?" आबांनी विचारलं.

यंत्राबद्दल त्यांनी मला कधीच काही विचारलं नव्हतं. मला नाही, घरात कुणालाच नाही.

"समजत नही, आबा. भीती वाटस."

"मले बी," ते म्हणाले. मग त्यांनी काच खाली केली, डोकं थोडं बाहेर काढून कान इंजिनाकडे लावला आणि तसंच बाहेर बघत म्हणाले, "आते जरासा पाय दे."

मी पाय दिला.