हर्षदासाठी कॉलेजचं स्थळ

“ताई, तुम्हीच सांगेल व्हतं ना, अर्धी फी माफ होईल म्हणून?”

सुकलाल पाटील अगदी हळू बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या पालकांची मला सवय आहे, त्यांना पाणी द्यायचं आणि पंखा वाढवायचा. पण हा माणूस खुर्चीच्या कडेवर बसून नुसता माझ्याकडे बघत होता. टेबलावर त्यांच्या मुलीची, हर्षदाची फाइल होती. प्रवेशाच्या सरकारी मदत केंद्रावरून नामंजूर होऊन परत आलेला जातीचा दाखला सगळ्यात वर.

मी सुरतेत अ‍ॅडमिशन काउन्सेलर आहे. बारावीनंतर मुलांनी कुठं जायचं, फॉर्म कसा भरायचा, कागद कुठले लागतात, हे सांगायचं काम. ऑफिस रिंग रोडला, तिसऱ्या मजल्यावर. मालक जिग्नेशभाई. मराठी पालक आले की ते केबिनमधूनच हाक मारतात, “शैलाबेन, तमारा आव्या!” मी मूळची नाशिकची. त्यामुळे डिंडोली-बमरोलीकडची सगळी खानदेशी मंडळी माझ्या टेबलाला.

पाटील महिनाभरापूर्वी पहिल्यांदा आले होते. बमरोलीच्या एका मिलमध्ये ते फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापडाच्या घड्या आणि तपासणी होते तिथे. बायको मंगलाबाई घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करतात. दोन मुली. हर्षदा बारावी सायन्स झालेली, धाकटी प्रियंका नववीत. हर्षदाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं होतं.

त्या दिवशी सीझन जोरात. बाहेर बाकावर सात पालक बसलेले. मी फाइल चाळली, जातीचा दाखला दिसला, आणि मी म्हणून टाकलं, “दाखला आहे ना? मग काळजी नको. राखीव कोट्यात नंबर लागेल, स्कॉलरशिपही मिळेल. अर्धी फी तरी सुटेल.”

तेवढ्या शब्दावर पाटलांनी शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात पंचवीस हजार टोकन भरलं. टोकन म्हणजे सीट अडवून ठेवायचे पैसे.

दाखला धुळे जिल्ह्याचा होता. वर ठळक अक्षरात महाराष्ट्र शासन लिहिलेलं. मी ते वाचलंच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जात तीच, आडनाव तेच, पण सवलत ज्या त्या राज्याची. महाराष्ट्राचा दाखला गुजरातेत चालत नाही. बरं, महाराष्ट्रात जावं तर तिथे विचारतात, दहावी-बारावी कुठून केली? हर्षदाचं सगळं शिक्षण सुरतेत. म्हणजे तिथेही बाहेरची. उत्पन्न बघून मदत देणारी एक योजना होती, पण तिला लागतात तेवढे मार्क हर्षदाला थोडक्यात कमी पडले. थोडक्यात, मदत कुठूनच नाही. काय भरायचं ते बापाच्या खिशातून.

मंगलाबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्या म्हणाल्या, “मंग आम्हीन कोठला शेतस, ताई?” आम्ही मग कुठले?

लाज वाटली, खरंच सांगते. वीस वर्षं हे काम करतेय आणि पहिलीच ओळ वाचली नाही.

मी कोरा कागद ओढला. हे मी सगळ्यांसाठी करते, पण पाटलांसाठी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मी त्याला चार वर्षांचा कागद म्हणते. कॉलेजवाले एका वर्षाची ट्यूशन फी सांगतात. आपण चारही वर्षांचं सगळं लिहायचं. ट्यूशन, परीक्षा फी, बस, युनिफॉर्म, आणि दर वर्षी फी वाढते तो फरक. पाटलांच्या त्या खाजगी कॉलेजची बेरीज साडेसहा लाखांच्या आसपास गेली.

“आपल्याकडे किती आहेत?”

“चार लाखाची एफडी शे. वरचा मजला बांधाले ठेवेल. भाड्यानं दिला असता.” मग म्हणाले, “ताई, प्रियंका पण शे ना मागे.”

खरा प्रश्न तिथे होता. एकीच्या चार वर्षांत चार लाख संपणार, वर कर्ज होणार, आणि धाकटी बारावी होईल तेव्हा घरात काही उरणार नाही.

ऑनलाइन चॉइस फिलिंगला चार दिवस बाकी होते. चॉइस फिलिंग म्हणजे कॉलेज आणि ब्रँच यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लिहायच्या. कॉम्प्युटर वरून खाली बघतो आणि तुमच्या मेरिटला पहिली जी बसेल ती देतो. मी गेल्या वर्षीची यादी काढली. खुल्या वर्गातून हर्षदाला सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर मिळणं अवघड होतं. पण सुरतेच्या दक्षिणेला, ट्रेनने तास-सव्वा तासावर एक सरकारी कॉलेज आहे, तिथे इलेक्ट्रिकल मिळण्यासारखं होतं. फी वर्षाला दोन-चार हजार. ट्रेनचा पास, डबा, पुस्तकं धरली तरी चार वर्षांचा खर्च लाखाच्या आत.

पाटलांनी तोंड वाकडं केलं. “सरकारी? तिथं शिकवतात तरी का? ते खाजगी कॉलेज पाहा, लिफ्ट शे, एसी शे. आम्ही गेलो तं आमाले कॉफी दिली.”

“अजून काय बघितलंत?”

“ब्रोशर दिलं ना.”

आता पाटलांबद्दल एक गोष्ट मला माहीत होती. डिंडोलीत सोयरीक जमवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मिलमधून सुटले की स्थळं बघणं हाच उद्योग. माझ्या घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलीचं लग्न त्यांनीच जमवलेलं.

मी विचारलं, “पाटीलभाऊ, मुलीसाठी स्थळ बघायला जाता तेव्हा काय बघता?”

माणूस खुलला. “ताई, पहिली गोष्ट, सांगून जायचं नाही. सांगून गेलं का ते उसनी गादी आणून टाकतात. आधी गावातल्या न्हाव्याकडे बसायचं. मंग किराणावाला. त्याले विचारायचं, यांची उधारी किती? शेजारणीले विचारायचं, सकाळी भांडणाचा आवाज येतो का? आधीची सून आली असेल तं तिच्याशी बोलायचं, सासूसमोर नाही. पोराचा पगार पोराले नाही विचारायचा, त्याच्या संगे काम करणाऱ्याले विचारायचा.”

“आणि घरातला चहा?”

“तो सगळेच चांगला करतात, ताई.”

“मग कॉलेजात कॉफी पिऊन पंचवीस हजार देऊन आलात ते?”

मंगलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पाटील हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “दोन दिवस द्या.”

ते गेल्यावर जिग्नेशभाईंनी मला आत बोलावलं. खाजगी कॉलेजं आमच्या ऑफिसला सीटमागे कमिशन देतात. हे आम्ही पालकांना सांगत नाही, पालकही विचारत नाहीत. माझा पगारही थोडा त्यावर अवलंबून.

“बेन, पाटीलनी सीट कॅन्सल?”

“बहुतेक.”

“टार्गेट तमारुं छे, मारुं नथी.” महिन्याला किती खाजगी सीटा भरायच्या त्याचं टार्गेट माझं, त्यांचं नाही.

“जिग्नेशभाई, दाखला वाचायला मी चुकले. माझ्या चुकीची फी त्यांनी का भरायची?”

“तो वांचो ने, बेन! कागळ वांचता नथी आवडतुं?” ते इतके जोरात ओरडले की चहा घेऊन आलेला खालचा चहावाला दारातच थांबला. कागद वाचता येत नाही का, असं वीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. चहावाल्याने ग्लास ठेवले आणि जिना उतरला. त्या महिन्याचा माझा इन्सेंटिव्ह कापला गेला.

तिसऱ्या दिवशी पाटील हजर. मिलमधून दोन खाडे करून दोन्ही कॉलेजं बघून आले होते. सोबत मंगलाबाई आणि हर्षदा. पाटलांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

“खाजगीचं सांगतो. मी आत गेलोच नाही. गेटसमोरच्या पानवाल्याकडे बसलो. शेवटच्या वर्षाची पोरं आली. म्हणे एका विषयाले एका सेमिस्टरमध्ये तीन मास्तर झाले. टिकतच नाहीत, पगार वेळेवर होत नाही म्हणे. मंग गेटवर तो मोठा बोर्ड शे ना, पोरायचे फोटो, मोठी नोकरी लागली म्हणून? त्यातला एक पोरगा मी वळखला.”

“कसा?”

“त्यानंच तं आमाले कॉफी दिली होती! तिथंच कामाले शे, अ‍ॅडमिशनच्या हापिसात!”

मी हसू दाबू शकले नाही. हर्षदाही खाली मान घालून हसली.

“आणि सरकारी?”

“रंग गेलेला शे. कँटीन बंद. वॉचमनले विचारलं, मास्तर येतात का? म्हणे उशिरा येतात, पण येतात.” पाटलांनी कागद उलटा केला. “पण ताई, मी लॅबच्या खिडकीतून पाहिलं. मोटरचं पॅनल खोललेलं. आमच्या मिलमध्ये शे ना, तस्संच. पोरं स्वतः वायरिंग करू राहिली होती. एका पोरीनं चुकवलं तं मास्तर असा वरडला, असा वरडला! मले बरं वाटलं. पोरीवर वरडतो म्हणजे पोरगी काय करते ते बघतो ना तो.”

मंगलाबाईंची काळजी वेगळी. “सक्काळची ट्रेन. पोर एकटी जाई का?”

पाटलांनी तेही केलं होतं. उधना स्टेशनवर सकाळी उभं राहून त्या कॉलेजला जाणाऱ्या चार मुली शोधल्या होत्या. त्यातल्या एकीच्या वडिलांचा फोन नंबर घेतला होता. ते वडील निघाले धुळ्याकडच्याच शिंदखेड्याचे. बोलता बोलता लांबचं नातंही निघालं.

सगळं झाल्यावर मी हर्षदाकडे वळले. मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

“तुला काय वाटतं?”

ती म्हणाली, “मॅडम, मला कॉम्प्युटरच हवं होतं.” आणि रडायला लागली. पाटील एकदम उठून उभे राहिले. “मंग एफडी मोडतो. राहू द्या ते सगळं.”

“पप्पा, बसा ना,” ती म्हणाली. डोळे पुसले. “हवं होतं म्हटलं. हवं आहे म्हटलं नाही. प्रियंकाचं काय मग?”

आम्ही यादी केली. वर सरकारी कॉलेजांतलं कॉम्प्युटर, मिळालं तर मिळालं. मग त्या कॉलेजचं इलेक्ट्रिकल. खाजगी यादीत टाकायचं का, यावर पाटील अडले. “ठेवू शेवटी, नाही कुठं लागलं तं?” हर्षदाने माउस स्वतःच्या हातात घेतला. “नाही ठेवायचं. कुठंच नाही लागलं तर डिप्लोमा करेन.” तिनेच सबमिट दाबलं.

इलेक्ट्रिकल मिळालं. मला आनंद झाला, तिला लगेच झाला नाही. दोन दिवस ती आईशी धड बोलली नाही, असं मंगलाबाईंनी फोनवर सांगितलं. टोकनच्या पावतीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, रक्कम परत मिळणार नाही. पण मुदतीत प्रवेश रद्द केला तर थोडं कापून फी परत द्यावी लागते, असा नियम आहे. मी अर्ज लिहून दिला. पाटलांनी पाच फेऱ्या मारल्या. चार महिन्यांनी चोवीस हजार परत आले.

यंदा हर्षदा शेवटच्या वर्षाला आहे. हजिऱ्याच्या एका कारखान्यात तिचं ट्रेनिंग चालू आहे, स्टायपेंड मिळतो. पहिल्या स्टायपेंडमधून तिने आईला खडे चिकटवायला उजेडाचा मोठा दिवा घेऊन दिला. वरचा मजला झाला, भाडेकरू आले. चार लाख त्यात गेले, पण भाडं दर महिन्याला येतं, आणि ते प्रियंकाच्या नावाने बँकेत पडतं.

प्रियंकाची बारावी झाली आणि मे महिन्यात पाटील तिला घेऊन आले. मी खिडकीतून बघत होते. दोघं खाली चहाच्या टपरीवर बसले होते. पाच मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. पाटील चहावाल्याशी बोलतच होते. मग जिना चढून वर आले.

“पाटीलभाऊ, एवढा वेळ खाली काय करत होता?”

“ताई, मागच्या वेळी सगळीकडे चौकशी केली. तुमच्याच हापिसची राहून गेली होती.” ते निवांत बसले. “तं सांगा, खाजगी कॉलेजवाले तुमाले सीटमागे किती देतात?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग आकडा सांगितला.

पाटलांनी मान हलवली. “चहावाल्यानं पण तेवढाच सांगितला.”

“अजून काय म्हणाला तो?”

“म्हणे बाई सरळ शे.” पाटील जरा घुटमळले. “पण कागद वाचत नाही.”

प्रियंकाने फाइल पुढे सरकवली. पाटलांनी ती उघडली, दाखला सगळ्यात वर घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, “महाराष्ट्र शासन.”

“हां,” पाटील म्हणाले. “आता बोला.”