लग्नानंतरचा मंगळवार

कॉलेजातल्या आमच्या इंग्रजीच्या बाईंनी एकाही कादंबरीचा शेवट कधी वर्गात शिकवला नाही. अभ्यासाला जुन्या इंग्रजी कादंबऱ्या असायच्या. वडिलांच्या माघारी घर सोडावं लागणाऱ्या मुली, दुसऱ्यांची पोरं शिकवून पोट भरणाऱ्या मुली आणि दर चार प्रकरणांनी चालून येणारं एखादं स्थळ. नायिका होकारापर्यंत येऊन ठेपली की बाई पुस्तक मिटायच्या, पदराने चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "पुढे लग्न आहे. ते घरी वाचा. ते समजायला मी लागत नाही."

नायिकेच्या नकाराला मात्र त्या तीन तास द्यायच्या. पैसेवाला, सभ्य माणूस समोर उभा आहे, घरचे दाराआड कान लावून बसले आहेत आणि ही बिनपैशाची मुलगी नाही म्हणते. ते पान बाई उभ्याने वाचत. शेवटी लग्न करतेच ना ती, मग नकाराचं एवढं काय, असं एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. "होकार काय, चार माणसं मिळून काढून घेतात," बाई म्हणाल्या. "'नाही' मात्र तिचं तिलाच म्हणावं लागतं." आणि विचारणारीला त्यांनी वर्षभर पहिल्या बाकावर बसवलं.

शेवटच्या प्रकरणाऐवजी गृहपाठ असे. लग्नाला वर्ष झाल्यावरचा नायिकेचा एक मंगळवार, उठल्यापासून झोपेपर्यंत, लिहून आणायचा. रविवार सगळ्यांचाच बरा जातो, सोमवारी थोडा उत्साह असतो, संसार कसा चाललाय ते मंगळवारी कळतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांना मंगळवारबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

मी धायरीहून दोन बस बदलून यायचे. वडील पोस्टात कारकून. घरात इंग्रजी कादंबरी आणणारी मी पहिलीच. माझा मंगळवार मी मन लावून लिहिला होता. नायिका बागेत फिरते, स्वयंपाकिणीला सूचना देते, पाहुण्यांचं करते, संध्याकाळी खिडकीत नवऱ्याची वाट बघते. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत एवढंच होतं, "ही कादंबरीभर वाचत होती. पुस्तक कुठे ठेवलं?" मला राग आला होता. एवढं चांगलं अक्षर काढलेलं, त्याबद्दल एक शब्द नाही.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला माझं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन गेले तर बाईंनी ती नीट वाचली आणि मुलगा बरा आहे का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. "बराच असणार. आता तुझा मंगळवार लिहून आण." मला गंमत वाटली. लिहिला नाही. बाई लग्नाला धायरीपर्यंत आल्या, बुद्धवंदना संपेपर्यंत हात जोडून बसल्या आणि जाताना वर्गात वापरायच्या त्यातली एक कादंबरी, त्यांच्या पेन्सिलच्या खुणांसकट, माझ्या हातात देऊन गेल्या. ती कपाटात साड्यांखाली गेली. राहिलेलं वर्ष पुढच्या वर्षी करू, असं घरात सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. कुणी अडवलं नाही, म्हणून कुणावर रागावताही आलं नाही.

त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी त्या स्वारगेटला बसच्या रांगेत भेटल्या. केस पांढरे, हातात काठी, नजर अधू. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "धायरी, तिसरा बाक. काय गं, मंगळवार कसा असतो?" मी हसत सांगायला लागले. डबे, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा क्लास, यांचं येणं-जाणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुस्तक कुठे ठेवलंस?" मला रांगेत रडू आलं. बाईंनी काठीनेच बस आल्याची खूण केली आणि म्हणाल्या, "मंगळवारी चारला ये. मला आता वाचता येत नाही."

तेव्हापासून दर मंगळवारी चार ते सहा मी कर्वेनगरला त्यांच्या घरी जाऊ लागले. म्हाताऱ्या बाईंना वाचून दाखवायचं म्हटल्यावर घरात कुणाची हरकत नव्हती. स्वतःसाठी जाते म्हटलं असतं तर माहीत नाही. त्यांच्याकडे कप एकच होता. दुसऱ्या मंगळवारी दोन झाले. एकदा धीर करून मी विचारलं, मॅडम, तुमचा मंगळवार कसा गेला? "अख्खा माझा होता," त्या म्हणाल्या. "फक्त रात्री तो सांगायला कुणी नव्हतं." आणि चहा गार झाला म्हणून मला रागावल्या.

दोन वर्षांत आम्ही तीन कादंबऱ्या संपवल्या, म्हणजे शेवट सोडून. गेल्या थंडीत मी सवयीने पुस्तक मिटलं तर त्या म्हणाल्या, "थांबलीस का? वाच पुढे." मी शेवटचं प्रकरण वाचलं. लग्न होतं, साधंच. शेवटच्या पानावर ती दोघं दिवसभराचं काय काय बोलत पायवाटेने घरी येतात. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबले तशा म्हणाल्या, "ती दोघं बोलत येतात ना, तेवढंच परत वाच." मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदाही वाचायला लावलं.

महिन्याभराने त्यांच्या शेजारणीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. पोचवायला शेजारी, एक भाचा आणि मी.

पुढच्या सोमवारी सासूबाई म्हणाल्या की आता तुझा मंगळवार मोकळाच झाला, तर माझ्या गुडघ्याच्या व्यायामाची वेळ चारची घेऊ या. चूक काहीच नव्हतं त्यात. माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. मी म्हटलं, "चार ते सहा मला नाही जमणार." यांनी पेपरातून मान वर केली. "आता कुठे जाणार? त्या तर गेल्या."

"वाचायला," मी म्हटलं.

सासूबाईंनी सकाळची वेळ घेतली. विषय तिथेच संपला, इतक्या सहज की मला माझ्या गेलेल्या वर्षांचं वाईट वाटलं. मंगळवारी साड्यांखालची कादंबरी काढली आणि कर्वेनगरची बस धरली. बाईंच्या सोसायटीसमोर छोटी बाग आहे, तिथल्या बाकावर बसून सहापर्यंत वाचलं. ज्या नकाराला बाई तीन तास द्यायच्या, तो माझा एका वाक्यात झाला होता. सहा वाजता मी पुस्तक मिटलं आणि त्यांच्या खिडकीकडे बघितलं. मला त्यांना माझा मंगळवार सांगायचा होता.