काय पाहिजे ते सांग

अक्षरं मी पत्रकांवर शिकले. मामा पूर्णा जंक्शनवर रेल्वेत होता. युनियनची उरलेली पत्रकं तो आमच्याकडे आणून टाकायचा. आई त्यात भाकरी बांधायची आणि मेंढ्यांमागं बसून खाताना मी तो कागद वाचायची. इतर पोरी शाळेत कविता म्हणायच्या, त्या वयात मला ‘जाहीर निषेध’ पाठ होता.

कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. ताडकळसच्या बाजारात उभी राहून, आवाज बसेपर्यंत वाचायची. भीती अशी कधी वाटली नाही.

मला कंपनी काढायची होती. मेंढपाळांची, मेंढपाळांच्याच मालकीची. त्यासाठी व्यवस्थापन शिकायचं ठरवलं, तेव्हा मामा म्हणाला, “म्हंजे आता शेठजीच्या शाळंत जायलीस का?”

“त्यांची हत्यारं त्यांच्याच घरून आणते की.”

“हे लिहून ठेव. फुडल्या पत्रकात घालू.”

प्रवेशपरीक्षा पास झाले. मुलाखतीला बोलावलं. मराठीत बोललं तरी चालेल, म्हणाले. मग काय, मी बाजारात बोलायची तशीच बोलले. दलाल, लूट, अन्याय, काही सोडलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, “बरं. तुम्हाला इथून नेमकं काय हवंय?”

माझी दातखीळ बसली. पत्रकाला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. वाचतात, नाहीतर त्यात भजी बांधतात. समोर बसून कुणी माझ्या उत्तराची वाट पाहतंय, हे मला नवंच होतं.

यादीत नाव आलं नाही. पुन्हा अर्जाचा कागद काढायची आणि कोराच घडी करून ठेवून द्यायची. बाजारात उभं राहणंही मी सोडलं.

त्या हिवाळ्यात वडील तापानं पडले. पिकं निघाली की आमच्यातले लोक मेंढ्या घेऊन रानोरान फिरतात. शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतो, लेंड्यांचं खत त्याला मिळतं आणि बदल्यात तो आम्हाला ज्वारी देतो. याची बोलणी वडील करायचे. आई म्हणाली, “तू चल. तुला तर बोलता येतंय.” तिला काय सांगणार?

चुडाव्याजवळच्या एका मालकाच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरी गेलो. मालक बाजेवर बसले होते. त्यांनी मला बाजारात वाचताना पाहिलं असणार, कारण मला पाहताच त्यांनी खिशातून एक घडी काढून बाजेवर पसरली. माझंच पत्रक! रान आमच्या मेंढ्यांवर पिकतं आणि आमच्या माणसांना साधी सावलीसुद्धा मिळत नाही, असं त्यात मी लिहिलं होतं.

“हे तूच लिव्हलंस का?”

“व्हय.”

आईनं पदर पुढं ओढला.

“लय झोंबलं बघ. दोनदा वाचलं. पण पोरी, तुला पायजे काय, ते ह्यात कुठंच न्हाई. शिव्या खाल्ल्या मी. आता करू काय, ते तर सांग!”

पुन्हा तोच प्रश्न. पण इथं गप्प राहून भागणार नव्हतं. मागं मेंढ्या खोळंबल्या होत्या आणि दिवस कलला होता.

“विहिरीवर मेंढ्यांना पाणी,” मी म्हणाले. “आमची वहिनी बाळंतीण हाय, तिला आखाड्यावरची खोली. आन् ज्वारी तळ हलायच्या आदी. मागून चकरा न्हाईत.”

“पाणी घ्या. खोलीत माझं बियाणं हाय, अर्धी मोकळी करतो. ज्वारी निम्मी आदी, निम्मी मागून.”

“निम्मी मागून म्हंजे चकरा आल्याच की, मालक.”

मालक आईकडं बघून हसले. “ही काय ऐकत न्हाई.”

“ऐकायले, म्हणून तर बोलायले.”

ज्वारी आधी मिळाली. परतताना आई म्हणाली, “पत्रकापरीस थोडं बोललीस. पण लय काम झालं.”

त्या हंगामात सगळी बोलणी माझ्याकडं आली. कुणी हसलं, कुणी हाकललं. “बाईमाणसाशी व्यवहार करत न्हाई,” म्हणणाऱ्या एकाच्या ओट्यावर मी त्याची बायको बाहेर येईपर्यंत बसून राहिले. व्यवहार तिनंच केला. हळूहळू मला प्रश्नांची गोडी लागली. प्रश्न विचारणारा माणूस निदान दार उघडून उभा असतो.

मग पुन्हा अर्ज केला. या वेळी मुलाखतीत विचारलं, “तुम्ही नफ्याविरुद्ध लिहिता, मग इथं कशाला?”

“नफ्याविरुद्ध न्हाई, तो एकाच्याच घरात जातो त्याविरुद्ध. मला हिशेब शिकायचाय, कंपनीचा कायदा शिकायचाय. आणि लोकर घेणारा व्यापारी मनात काय धरून बसतो, ते लय दिवसांपासून समजून घ्यायचंय.” ‘लय’ निघून गेलं. मी ते मागं घेतलं नाही. उलट विचारलं, “यातलं इथं काय काय मिळेल?”

ते हसले आणि खुर्च्या पुढं ओढून बोलायला लागले.

नाव लागलं. निघायच्या दिवशी मामा मला गाडीत बसवायला पूर्ण्याच्या फलाटावर आला. नव्या पत्रकाचा मसुदा त्यानं माझ्या हातात दिला. आवेश जोरदार होता, मामाचा असतोच. मी शेवटपर्यंत वाचून कागद परत केला.

“मामा, तुमाला पायजे काय, ते कुठं हाय ह्यात?”

मामानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “झालीस का शेठजीची?” म्हणाला. मग खिशातलं पेन काढून, माझ्याच पेटीवर कागद ठेवून, गाडी येईपर्यंत लिहीत बसला.