डोंगेवाल्याच्या नाटकाची प्रत

मुलीने आणलेली ती काळी डबी दोन दिवस टेबलावर पडून होती आणि मी तिला हात लावला नव्हता. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क म्हणे. मुलगी चंद्रपूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तिच्या वापरातलीच ती होती. नवी कोरी असती तर गोष्ट वेगळी. जी वस्तू दहा मशिनींना लागून आली, ती माझ्या घरातून काय उचलून नेईल याचा भरवसा काय? त्यात जावयाचा चुलतभाऊ वडशाच्या एका नाटक मंडळीत पेटी वाजवतो. हे मी मुलीजवळ बोललो नाही, पण डोक्यात होतं.

माझा स्वभाव संशयी आहे, कबूल. पण झाडीपट्टीत नाटकं लिहिणाऱ्याने संशयी नसून चालत नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतंच. यंदा गाजलेलं नाटक पुढच्या हंगामात दुसऱ्याच मंडळीच्या बोर्डाखाली, पात्रांची नावं बदलून उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. म्हणून मी नटांच्या हाती पूर्ण नाटक कधी दिलं नाही. ज्याला त्याला फक्त त्याच्या भाषणांची नक्कल आणि त्याआधीच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द. पूर्ण वही एकट्या प्रॉम्प्टरजवळ, तीही पडदा पडला की परत माझ्या पिशवीत.

कॉम्प्युटरही मी त्याच हिशोबाने घेतला. मूल गावात एका छपाईवाल्याने धंदा बंद केला तेव्हा त्याचं जुनं मशीन मी घरी आणलं. पुढे पोट निघालेला मॉनिटर, खाली पिवळा पडलेला डबा, आत विंडोज अठ्ठ्याण्णव. दोन बोटांनी टाइप करत मी माझी सगळी नाटकं त्यात घातली आणि जुन्या वह्या बारीक फाडून रद्दीत दिल्या. इंटरनेटची तार त्याला कधी लागू दिली नाही. तार नाही तर चोर येणार कुठून, असा माझा साधा विचार होता.

यंदा पावसाळ्यात ते आतून करकरायला लागलं. मुलीने कान लावून ऐकलं.

"बाबा, याची डिस्क जाऊन राह्यली. आज ना उद्या बंद पडन. सारं काढून घेऊ."

"काढून घेऊ म्हणजे, घेणार कोण?"

"तुमीच घ्या. मले काय करा लागते तुमच्या नाटकाचं?"

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला ते लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा भिंतीपासून ओढला. डबी जोडायचं भोक मागच्या बाजूला होतं आणि त्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. सुईने ती माती काढण्यात अर्धा तास गेला. मग वायर घातली. डबीवर निळा दिवा लागला, पण पडद्यावर काही येईना. थोड्या वेळाने एक चौकट आली. काहीतरी नवीन जोडलेलं आहे, पण काय आहे ते कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"हा त हिले ओळखूनच नाई राह्यला," मुलगी म्हणाली.

"मी तरी कुठी ओळखतो?" मी म्हणालो. खरं सांगायचं तर मशिनीचा मला अभिमानच वाटला. अनोळखी पाहुण्याला दारात उभं करायला ते माझ्याकडूनच शिकलं असावं.

मुलगी मात्र हटली नाही. डबीतलं तिचं सगळं आधीच दुसरीकडे ठेवलेलं होतं, म्हणून तिने ती लॅपटॉपवर पुसून जुन्या मशिनीला वाचता येईल अशी करून घेतली. ओळख पटवणारा एक प्रोग्राम सीडीवर आणला. सीडीचं दार उघडेना, ते टाचणी घालून उघडलं. मशीन तीनदा बंद करून चालू करावं लागलं आणि तिन्ही वेळा ते परत उठतं की नाही म्हणून माझा जीव टांगणीला लागला. शेवटी पडद्यावर डबीचं चित्र आलं. मी खुर्ची ओढून मुलीच्या अगदी बाजूला बसलो. तिने काय कुठे नेलं ते मला दिसायला हवं होतं.

पडद्यावर कागद एका खणातून दुसऱ्या खणात उडू लागले. बायकोने चहा आणला, तो निवायच्या आत निम्म्याहून जास्त नाटकं पलीकडे गेली होती. मला ते पटेना. एकेका नाटकाला माझा अख्खा पावसाळा गेला होता.

"एवढ्या लवकर कसं होईल? काही राहून गेलं असेल."

"बाबा, तुमची सारी नाटकं मिळून एका लग्नाच्या व्हिडिओएवढी नाई होत."

मी चहा बाजूला ठेवला. लॅपटॉपवर दाखव म्हटलं. तिने पहिलंच नाटक उघडलं, तर आत इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. "काय केलं तू हे?" मी ओरडलो. जुन्या मशिनीतला मराठी फॉन्ट तिने लॅपटॉपवर घातला आणि माझी वाक्यं जागच्या जागी उभी राहिली. माफी मागायला हवी होती. मी चष्मा पुसत बसलो.

तेवढ्यात तिकडचे उडणारे कागद थांबले. करकर वाढली आणि एक फाइल वाचता येत नाही अशी चौकट आली. मुलीने ती फाइल सोडून बाकीच्या नेल्या, मग परत त्या एकीवर आली. दुपारपर्यंत तिने नाना उपाय केले, शेवटी डिस्क बाहेर काढून लॅपटॉपलाही लावली. फाइलचं नाव दिसत होतं. आत काही उरलं नव्हतं.

ते माझं डोंगेवाल्याचं नाटक होतं. पुरात रात्रभर माणसं नदीपार नेणारा आणि शेवटी स्वतःच्या भावाला डोंग्यात घ्यायला नकार देणारा डोंगेवाला. त्याहून चांगलं मी काही लिहिलेलं नाही. ते एकच हंगाम चाललं. दुसऱ्या एका मंडळीच्या नाटकात पूर आणि डोंगा आला आणि माझं माथं भडकलं. मंडईच्या गर्दीत, सगळ्या नटांसमोर मी आमच्या प्रॉम्प्टरला चोर म्हणालो. नदीकाठच्या मुलखात पूर आणि डोंगा कोणालाही सुचेल, हे तेव्हा सुचलं नाही. मग एकेका नटाकडून नकला परत घेतल्या आणि वहीसकट पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. नाटक फक्त माझ्या मशिनीत राहावं, कोणाच्या हाती राहू नये म्हणून.

फाइल गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोंभुर्ण्याकडे त्या प्रॉम्प्टरच्या गावी गेलो. दहा वर्षांनी जात होतो. तो अंगणात बाज विणत होता. मला पाहून उठला, बसायला खुर्ची दिली. पाणी आलं. मी पाणी न पिताच विचारलं, "तुह्याजवळ डोंगेवाल्याचं नाटक आहे का?"

"आज झडती घ्यायले आले का भाऊ?"

"नाई रे. माहं गेलं. मशिनीतून गेलं. तू चोरून लिहून ठेवलं असशील त दे. मी रागावणार नाई. चोरलं असशील त बरंच केलं."

त्याने हातातली दोरी खाली ठेवली.

"भाऊ, तुमी मले लोकाईसमोर चोर म्हणलं. मंग कोणत्याच मंडळीनं मले बलावलं नाई. पण मी एक पान घरी नेलं नाई."

"एखादा प्रवेश? शेवटचा?"

"नाई भाऊ."

तो खरं बोलत होता. ते दहा वर्षांपूर्वीही त्याच्या तोंडावर असंच दिसत असणार, मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात देवाला हात जोडायची रीत नाही. पण त्या अंगणात बसून मी मनातल्या मनात कोणाची तरी विनवणी करत होतो, की हा माणूस आता खोटं बोलत असू दे, हा चोर निघू दे.

तो म्हणाला, "पाणी त घ्या," आणि परत बाज विणायला बसला.